शिंगराचं जावळ आणि त्याखालचा खरा रंग

घोडी व्याली की बघायला आलेला प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारतो. नर की मादी? आणि रंग कुठला? पहिल्याचं उत्तर शेपूट वर केली की मिळतं. दुसऱ्यासाठी तीन-चार महिने थांबावं लागतं, काही घोड्यांच्या बाबतीत तर आठ-दहा वर्षं. शिंगरू जन्माला येतं ते जावळ घेऊन. हे जावळ मऊ असतं, बहुतेकदा फिकं असतं आणि भल्याभल्यांना फसवतं. माझ्या पहिल्या शिंगराला मी काळंभोर म्हणून मिरवलं होतं, नावही रंगाला साजेसं ठेवलं होतं. आज तो घोडा दुधासारखा पांढरा आहे. नाव मात्र तेच राहिलंय, आणि ते का ठेवलं हे नव्या माणसाला दरवेळी समजावून सांगावं लागतं.

रंगाकडे वळायच्या आधी शिंगरू धडपणे उभं राहून दूध प्यायला हवं. म्हणून आधी बाळंतपण, मग रंग.

व्यायच्या आधीचे दिवस

घोडीचा गाभणकाळ सरासरी ३४० दिवसांचा धरतात, पण ३२० ते ३६५ दिवसांत कधीही व्याली तरी त्यात वावगं काही नाही. त्यामुळे तारखेपेक्षा कासेवर लक्ष ठेवा. शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत कास भरू लागते. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे स्नायू ढिले पडतात, हाताला थलथलीत लागतात. सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळसर थेंब साकळले की बहुतेक घोड्या एक ते चार दिवसांत वितात. बहुतेक म्हणतो, कारण काही घोड्या मेण न दाखवताच वितात आणि काही आठवडाभर दाखवून माणसाला जागवतात. सडांतून दूध धारेने गळायला लागलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गळतोय तो चीक असतो, आणि शिंगराला चिकावाचून गत नाही.

धनुर्वाताची आणि इतर नेमाच्या लसी विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी द्याव्यात, म्हणजे त्यांचं संरक्षण चिकात उतरतं. जागा किमान बारा फूट बाय बारा फूट हवी, जमलं तर चौदा बाय चौदा. खाली भुसा नको, कोरडा स्वच्छ पेंढा घाला. भुसा ओल्या शिंगराच्या नाकातोंडाला चिकटतो. टॉवेल, विजेरी, थर्मामीटर, शेपटीला गुंडाळायची पट्टी, बेंबीसाठी क्लोरहेक्सिडीन आणि एक घड्याळ एकाच पेटीत ठेवा. डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. घड्याळाला हसू नका. अशा रात्री दहा मिनिटं तासाएवढी वाटतात आणि कधीकधी उलटंही होतं. खरं काय झालं ते घड्याळच सांगतं.

ती रात्र

घोड्या बहुतेक रात्रीच वितात, तीही सगळीकडे सामसूम झाल्यावर. आधी बेचैनी दिसते. घोडी फेऱ्या मारते, घाम येतो, वळून पोटाकडे बघते, आडवी होते, पुन्हा उठते, थोडी थोडी लीद टाकते. हे एक ते चार तास चालू शकतं. या वेळी तुम्ही दिवे लावून, माणसं जमवून आत शिरलात तर घोडी कळा थोपवून धरते. लांब बसा. फोनवरचं बोलणंही बाहेर जाऊन करा.

पाणमोट फुटली, म्हणजे भरपूर पाणी गेलं, की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. आता शिंगरू वीस-तीस मिनिटांत बाहेर यायला हवं. पाचेक मिनिटांत निळसर पांढरं, अर्धपारदर्शक आवरण दिसतं आणि त्याच्या आत एक खूर. मग दुसरा खूर, पहिल्यापेक्षा थोडा मागे. मग गुडघ्यांवर टेकलेलं नाक. खुरांचे तळवे जमिनीकडे असले की सगळं सरळ चाललंय. तळवे आकाशाकडे, एकच पाय, नाकाचा पत्ता नाही, किंवा वीस मिनिटं जोर लावूनही पुढे काही सरकत नाही, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर येईपर्यंत घोडीला उठवून चालवत ठेवा. नवख्याने ओढाओढ करू नये. चुकीच्या वेळी, चुकीच्या दिशेने ओढलं तर शिंगराच्या बरगड्याही मोडतात आणि घोडीही फाटते.

एका प्रसंगी मात्र डॉक्टरांची वाट बघायची नाही. पांढऱ्या आवरणाऐवजी मखमलीसारखं लालभडक आवरण बाहेर आलं तर वार वेळेआधी सुटली आहे आणि आतल्या शिंगराचा प्राणवायू तुटत चालला आहे. ते आवरण तिथल्या तिथे फाडायचं, कळेबरोबर शिंगराला बाहेर यायला मदत करायची आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी डॉक्टरांना बोलवायचं. ही वेळ क्वचित येते, पण आली तर विचार करायला सवड नसते, म्हणून आजच डोक्यात पक्कं करून ठेवा.

शिंगरू बाहेर आलं आणि नाकावर आवरण असेल तर ते बाजूला करा. श्वास चालू असेल तर मागे व्हा. नाळ कापू नका. घोडी थोडा वेळ आडवी राहते, मग उठते आणि नाळ आपोआप, तुटायच्या ठरलेल्या जागीच तुटते. तुटली की बेंबीचा देठ पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडीनमध्ये (०.५ टक्के) बुडवा. पहिल्या दिवसात हे तीन-चार वेळा करा. कडक आयोडीन वापरू नका, त्याने कातडी भाजते.

एक, दोन, तीन

घोडे पाळणारी माणसं तीन आकडे पाठ ठेवतात. एका तासात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं, तीन तासांत वार पडावी. हे आकडे ओलांडले की फोन करा.

उभं राहण्याची धडपड बघवत नाही. लांबलचक पाय चहूबाजूंना फाकतात, शिंगरू तोंडावर आपटतं, पुन्हा उठतं. मदत करायला हात शिवशिवतात. करू नका. या आपटण्यातूनच पायांना वळण लागतं, आणि तेवढ्या वेळात घोडी त्याला चाटून त्याचा वास ओळखून घेते. मधे माणूस आला तर, विशेषतः पहिलटकरीण असेल तर, तिचा गोंधळ उडतो. खुरांवर मऊ, रबरासारखे पांढरट-पिवळे झुपके दिसतील. बघून घाबरू नका. आईच्या पोटाला इजा होऊ नये म्हणून निसर्गाने घातलेले ते मोजे आहेत, एखाद्या दिवसात झिजून जातात.

चिकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. माणसाच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भातच आईकडून मिळतात. घोडीची वार ती जाऊ देत नाही, त्यामुळे शिंगरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मतं. त्याला जे मिळायचं ते चिकातून. शिंगराचं आतडं ही द्रव्यं जशीच्या तशी शोषून घेऊ शकतं, पण पहिले सहा ते बारा तासच चांगल्या रीतीने. चोवीस तास झाले की हे दार बंद होतं, मग कितीही चीक पाजा. पन्नासेक किलोच्या शिंगराला पहिल्या सहा-आठ तासांत एक ते दोन लिटर चीक पोटात जायला हवा. म्हणून 'प्यायलं असेल' यावर समाधान मानू नका. ओठ सडाला लागलेत, घोट गिळताना गळा हलतोय, कासेचा ताण कमी होतोय हे डोळ्यांनी बघा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अठरा ते चोवीस तासांनी, रक्ताची प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. दर डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर निर्धास्त व्हा. ४००च्या खाली असेल तर शिरेतून प्लाझ्मा देण्याचा विचार डॉक्टर करतील.

वार लोंबत असेल तर तिला ओढू नका. घोडीने तुडवू नये म्हणून गाठ मारून वर बांधा. पडली की बादलीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तिचा छोटा तुकडा आत राहिला तरी घोडीला ताप येतो, आणि तो ताप पुढे खुरांत उतरतो.

पहिला दिवस

पहिली लीद काळपट आणि डिंकासारखी चिकट असते. ती चोवीस तासांच्या आत पडायला हवी. शिंगरू शेपूट वर करून कुंथतंय, दूध पिणं सोडतंय, तर लीद अडकली आहे. नर शिंगरात हे जास्त दिसतं. एनिमा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. लघवी पहिल्या आठ-दहा तासांत व्हायला हवी. अंगाचं तापमान ३७.२ ते ३८.९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं.

आणखी एक खूण आहे जी पुस्तकापेक्षा तबेल्यात लवकर कळते. शिंगराच्या कपाळावर दूध सुकलेलं दिसलं तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ असा की शिंगरू कासेखाली जाऊन उभं राहतं, पान्हा सुटलेल्या सडांतलं दूध त्याच्या डोक्यावर गळतं, पण ते पीत नाही. धडधाकट शिंगरू पहिल्या आठवड्यात तासाला पाच-सात वेळा पितं आणि उरलेला वेळ झोपतं. झोपाळूपणा आणि मरगळ यांतला फरक हाच, की झोपाळू शिंगरू उठल्यावर पहिलं कासेकडे जातं.

आठवडा-दोन आठवड्यांत पातळ लीद सुरू होईल. अंगात ताप नसेल आणि पिणं चालू असेल तर ती बहुधा आपोआप थांबते. मागचा भाग धुऊन पुसून ठेवा, नाहीतर केस झडतात.

आता रंग: सुरुवात आईबापांपासून

शिंगरू प्यायलं, हगलं, झोपलं. आता विजेरी घ्या. पण शिंगराकडे जायच्या आधी आईबाप आठवा, कारण काय अशक्य आहे ते त्यांच्यावरून लगेच कळतं आणि अर्धे अंदाज तिथेच गळतात.

घोड्याच्या केसांत रंगद्रव्यं दोनच, काळं आणि तांबडं. बाकी सगळे रंग हे त्या दोघांना कुठे जाऊ दिलं, किती पातळ केलं आणि कुठे पांढरं सोडलं याचे खेळ आहेत. काळं द्रव्य तयारच होत नसेल तर घोडा तांबडा, आयाळ-शेपूटही तांबडी किंवा त्याहून फिकी. काळं द्रव्य सगळ्या अंगभर असेल तर तो मुश्की, म्हणजे पूर्ण काळा. आणि काळं द्रव्य फक्त आयाळ, शेपूट, कानांच्या कडा आणि पाय एवढ्यावरच राहून अंग तपकिरी-तांबूस राहिलं तर कुमैत.

तांबडेपणा दोन्हीकडून यावा लागतो. म्हणून दोन तांबड्या घोड्यांचं शिंगरू तांबडंच, त्याचं काळं किंवा कुमैत होणं नाही. उलट दोन कुमैत घोड्यांना तांबडं शिंगरू होऊ शकतं, दोघांनीही ते गुपचूप बाळगलेलं असतं. नवख्याला सगळ्यात जास्त चकवणारी जोडी म्हणजे तांबडी घोडी आणि काळा घोडा. लोक काळं किंवा तांबडं यांची पैज लावतात आणि शिंगरू कुमैत निघतं. काळ्याला पायांवर आणि आयाळीवर रोखून धरणारा जनुक तांबड्या घोडीतही असतो, फक्त रोखायला काळं काही नसल्याने तो दिसत नाही.

सब्ज्या घोड्याचा, म्हणजे वयाबरोबर पांढरा होत जाणाऱ्याचा, नियम सरळ आहे. आईबापांपैकी निदान एक सब्जा असल्याशिवाय शिंगरू सब्जं होत नाही. एक असेल तर शक्यता निम्मी, किंवा त्या पालकाकडे जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर खात्रीच. मघाच्या माझ्या काळ्या शिंगराची आई सब्जी होती. मी विचारच केला नव्हता.

पाय खोटं बोलतात, पण ठरावीक पद्धतीने

शिंगराचे पाय बघून माणसं हमखास चुकतात. कुमैत शिंगराचे पाय जन्मतः काळे नसतात. ते राखाडी, पिवळट किंवा रुपेरी असतात, आणि लोक म्हणतात, 'चारही पाय पांढरे!' नाहीत. पायाला पाणी लावून केस ओले करा आणि कातडी बघा. खाली कातडी गुलाबी दिसली तर तो खरा पांढरा पाय, जन्मभर राहणार. कातडी गडद असेल तर तो नुसता फिकेपणा आहे, जावळाबरोबर जाईल आणि खालून काळा पाय निघेल. कपाळावरचा चांद आणि नाकावरचा पट्टा यांनाही हीच कसोटी. खरे पांढरे डाग जन्मतः जेवढे असतात तेवढेच राहतात. शिंगरू वाढतं तसे तेही वाढतात, आपली जागा सोडत नाहीत.

तांबड्या शिंगराचे पायही फिकेच असतात, मग कुमैत आणि तांबड्यात फरक कसा करायचा? कान बघा. कुमैताच्या कानांच्या कडा आणि टोकं काळपट असतात. मग आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी बोटं घालून केस दुभागा. वरून तांबूस दिसणाऱ्या आयाळीत मुळाशी काळे केस सापडले की कुमैत. एकही काळा केस सापडला नाही तर बहुधा तांबडं. हे दिवसाच्या उजेडात करा. विजेरीच्या पिवळ्या उजेडात मी एकदा चांगल्या कुमैताला तांबडा ठरवलं होतं.

काळ्या शिंगराची गंमत आणखी वेगळी. पुढे काळा होणारा घोडा जन्मतः बहुधा काळा नसतो. तो उंदरासारखा करडा असतो, काखेत आणि जांघेत फिका, पायांवर राखी. बघणाऱ्याला वाटतं, हा काही धड रंग नाही. चार महिन्यांनी ते करडं जावळ उतरतं आणि खालून कोळसा निघतो.

मग जन्मतः काळाकुळकुळीत, तुकतुकीत आलेलं शिंगरू कोण? तो पुढे सब्जा होणार असल्याची दाट शक्यता असते. काही पक्के काळेही तसे जन्मतात, पण आईबापांत सब्जा असेल तर फार आशा धरू नका.

सब्जा ओळखायचा कसा

सब्ज्या शिंगराचं जावळ फिकं नसतं, ते जास्तीच गडद असतं. मूळ रंग कुमैत असलेला सब्जा असेल तर पाय जन्मापासूनच थेट खुरापर्यंत काळे असतात, मोठ्या घोड्यासारखे. तांबडं असेल तर लालीला एक चढा तजेला असतो. पिवळट पायांऐवजी असे 'पूर्ण वाढलेले' रंग दिसले की पापण्या तपासा.

पापण्यांच्या कडेने, डोळ्यांभोवती एखादा-दुसरा पांढरा केस शोधा. कधी पहिल्याच दिवशी सापडतो, कधी दोन-तीन आठवड्यांनी, काहींना वर्षभरानेही. हळूहळू डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारखी राखाडी कडी तयार होते. मग तोंडाभोवती, मग सगळं डोकं. अंग मागून येतं. चार ते सहा वर्षांच्या वयात अंगावर गोल गोल चांदण्या उठतात, सहा ते दहा वर्षांत बहुतेक सब्जे पांढरे होतात. कातडी मात्र काळीच राहते, म्हणून नाक, डोळे आणि खुरांवर ते ओळखू येतात. लिपित्सानर जातीची शिंगरं काळी किंवा गडद तपकिरी जन्मतात आणि याच वाटेने पांढरी होतात.

हे सगळं एका जनुकामुळे होतं. २००८ साली शास्त्रज्ञांना दिसलं, की सब्ज्या घोड्यांत एका जनुकातला सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा दुबार लिहिला गेलेला असतो. पुढे हेही कळलं, की काही घोड्यांत तो तीनदा असतो आणि तेच भराभर पांढरे होतात. दोनदा असलेले सावकाश. हाच बदल रंगपेशींच्या गाठींचाही धोका वाढवतो, म्हणून सब्जा घोडा म्हातारा व्हायला लागला की शेपटीखाली आणि ओठांजवळ अधूनमधून चाचपून बघायची सवय ठेवा.

रोन घोडा आणि सब्जा यांत नवखे नेहमी गल्लत करतात. रोनच्याही अंगात पांढरे केस मिसळलेले असतात, पण त्याचं डोकं आणि पाय गडद राहतात आणि तो वर्षागणिक पांढरा होत नाही. सब्ज्याची सुरुवातच डोक्यापासून होते. कुशीत आणि पुठ्ठ्यावर पांढरे केस आहेत पण डोळ्यांभोवती एकही नाही, तर रोन समजा.

फिके रंग, गुलाबी कातडी आणि निळे डोळे

फिका रंग करणारा एक जनुक आहे, त्याला क्रीम म्हणतात. एक प्रत मिळाली तर तांबड्याचा सोनेरी होतो, पांढऱ्या आयाळीचा, त्याला पालोमिनो म्हणतात. तीच एक प्रत कुमैताला मिळाली तर अंग पिवळसर आणि आयाळ-पाय काळे. दोन प्रती मिळाल्या तर अंग जवळजवळ पांढरं, कातडी गुलाबी, डोळे फिके निळे, आणि हे जन्मापासूनच दिसतं. पालोमिनो शिंगरू मात्र सायीसारखं फिकंही जन्मतं आणि पीचसारखं नारिंगीही, त्यामुळे फिक्या तांबड्याशी गल्लत होते. इथेही आईबापांकडेच बघावं. दोघांपैकी कुणाकडेच क्रीम नसेल तर पालोमिनोचा विषय संपला.

निळसर डोळ्यांवरून घाईने काही ठरवू नका. पुष्कळ शिंगरांचे डोळे जन्मतः निळे-करडे असतात आणि पुढे तपकिरी होतात. कातडीचंही तसंच. काही तांबड्या आणि पालोमिनो शिंगरांची कातडी गुलाबीसर असते आणि थोड्याच दिवसांत गडद होते.

पाठीच्या कण्यावर गडद रेघ दिसली की लोक लगेच 'डन' म्हणतात, म्हणजे फिक्या अंगाचा आणि पाठीवर गडद रेघ असलेला रंग. थांबा. ही रेघ कितीतरी साध्या शिंगरांना जावळात असते आणि जावळाबरोबर जाते. खऱ्या डनची रेघ आखल्यासारखी रेखीव असते, थेट शेपटीच्या केसांत उतरते, आणि बरोबर पायांवर आडवे पट्टेही असतात. शिवाय आईबापांपैकी एक डन हवाच.

अबलख शिंगरू, म्हणजे मोठे पांढरे ठिगळ असलेलं, जन्मतःच आपला नकाशा घेऊन येतं. ठिगळांमधला रंग बदलेल, ठिगळं बदलणार नाहीत. ठिपकेदार ॲपलूसा जातीत मात्र नमुना वयाबरोबर बदलत राहतो. तिथे ओठांवरची चितकबरी कातडी, खुरांवरच्या उभ्या रेघा आणि बुबुळाभोवती दिसणारा पांढरा भाग या खुणा अंगावरच्या ठिपक्यांपेक्षा भरवशाच्या.

जवळजवळ पूर्ण पांढरं, निळ्या डोळ्यांचं शिंगरू जन्मलं आणि आईबाप दोघंही फ्रेम नावाच्या ठिगळाच्या जातकुळीतले असतील तर मात्र रंगाचं कौतुक बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. या जनुकाच्या दोन प्रती मिळालेल्या शिंगराचं आतडं काम करत नाही. लीद पडत नाही, पोट दुखायला लागतं आणि ते काही दिवसांपलीकडे जगत नाही. त्याला उपचार नाही. हे टाळायचं ते घोडी लावण्याआधी दोघांची जनुक तपासणी करूनच.

जावळ उतरताना

साधारण तीन-चार महिन्यांचं झालं की शिंगरू केस टाकायला लागतं. सुरुवात डोळ्यांभोवती आणि नाकाजवळ होते, मग पाय, मग अंग. हे दोन-तीन आठवडे शिंगरू कसर लागलेल्या घोंगडीसारखं दिसतं आणि बघायला येणारे 'काय झालंय याला?' म्हणून विचारतात. काही झालेलं नसतं. फक्त गोलाकार टक्कल, खपल्या किंवा सतत खाज दिसली तर गजकर्णाची शंका घ्या.

तोवर धीर धरवत नसेल तर दोन-अडीच महिन्यांनंतर पुठ्ठ्यावर रुपयाएवढ्या जागेचे केस यंत्राने बारीक कापा. खालून उगवणारा केस पुढचा रंग दाखवतो. याआधी कापलात तर जावळाचंच मूळ दिसेल. दुसरी युक्ती फोटोंची. पहिल्या दिवशी, मग दर महिन्याला, त्याच जागी, सकाळच्या उन्हात, त्याच बाजूने एक फोटो काढा. डोळ्यांभोवतीचा आणि पायांचा वेगळा. चार महिन्यांनी ते ओळीने लावून बघितलेत की पुढच्या शिंगराच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

विकायचं असेल, नोंदणी करायची असेल किंवा पैज मोठी असेल तर सरळ जनुक तपासणी करून घ्या. शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून पाठवायचे. मूळ हवंच, कापलेले केस चालत नाहीत. शिंगराची आयाळ फार मऊ असते, तिची मुळं तुटतात, म्हणून शेपटीचेच घ्या. आणि उपटताना आईचे केस मिसळू देऊ नका. शिंगरू तिला अंग घासत असतं, तिचे केस त्याच्या शेपटीत अडकलेले असतात. मी ते झटकले नव्हते, आणि अहवालात शिंगराऐवजी आईचा रंग आला होता.

नोंदणीच्या अर्जात जावळाचा रंग लिहू नका. सब्जा होण्याची चिन्हं दिसली असतील तर सब्जा असंच लिहा, आज तो कितीही काळा दिसत असला तरी, आणि पांढऱ्या खुणांची आकृती पाय ओले करून, कातडी बघूनच भरा. सब्ज्याच्या कपाळावरचा चांद दहा वर्षांनी आजूबाजूच्या पांढऱ्यात हरवतो, तेव्हा खालची गुलाबी कातडी आणि ही आकृती एवढ्याच खुणा हाताशी उरतात.